कमानीखालचं अत्तर

निजामाच्या राज्यात मी मोहतमीम होतो. घरात हे वाक्य मी जरा छाती काढून म्हणतो, आणि दर वेळी आमची ही चुलीजवळून म्हणते, "व्हय, आणि मी बेगम होते." मोहतमीम म्हणजे कामावरचा कारभारी, बाकी काही नाही. जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या एका खात्यात मी होतो. माझ्या अमलाखाली काय, तर पडायला आलेली एक कमान, गवंड्यांची एक टोळी, चुना कालवणाऱ्या बाया, चुन्याची घाणी आणि ती ओढणारे दोन बैल. बैल माझं मुळीच ऐकत नसत. माणसं ऐकल्यासारखं करत.

लोकांना वाटतं, जुनी इमारत जपणं हे फार हळुवार काम असेल. कुंचल्यानं धूळ झटकायची, नक्षीवरून हात फिरवायचा. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर मी ही नोकरी धरली. माझ्या अंगात मारामारीचं रक्त नाही. पिशोरला शाळेत हुतूतू खेळताना मी शिवायला गेलो की पोरं मला धरतसुद्धा नसत, दया करून परत पाठवत. पण हे काम म्हणजे रोजची हाणामारी निघाली. भिंतीत शिरलेला पिंपळ काढायचा तर कुऱ्हाडीनं मुळं तोडावी लागतात, आणि मूळ सुटताना दगड घेऊन सुटतं. अशाच एका दगडानं आमच्या एका गवंड्याची बोटं चेपली होती. भाजलेल्या चुनखडीवर पाणी सोडलं की हौद खदखदा उकळतो, फाटफाट उडतो. ज्या बाईच्या पायावर शिंतोडा पडे ती खात्याच्या सात पिढ्या उद्धरायची. संध्याकाळी हजेरी घेताना मी माणसं कमी आणि त्यांचे हातपायच जास्त बघायचो.

कमान पडेगावच्या रस्त्याला होती. कुणा अमीराच्या बागेचा तो दरवाजा. अमीर गेला, बाग गेली, भिंतीचे दगड आसपासच्या घरांत गेले. राहिली नुसती कमान, दुमजली घराएवढी उंच, आणि तिच्या पोटाला गेलेला तडा. दौलताबादकडच्या बैलगाड्या तिच्याखालून जात. पावसाचं पाणी आत शिरण्याआधी तो तडा भरायचा होता, आणि तो भरणार होते आमचे उस्ताद.

उस्ताद औरंगाबादेच्या शहागंजातले. साठीला टेकलेले, ठेंगणे, मेंदीनं लाल केलेली दाढी. कमानीचं पोट खालून भरायचं काम ते निजून करत. बांबूच्या परांचीवर, कमानीच्या अगदी लगत, फळ्या टाकायच्या. उस्ताद पाठीवर झोपायचे आणि छातीवरून, मांड्यांवरून दोर घेऊन स्वतःला फळीला बांधून घ्यायचे. म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि वर बघून बघून भोवळ आली तरी माणूस खाली येत नाही. त्यांच्या घराण्याची ती रीतच होती. गाठ फळीच्या खालून मारायची. ती निजलेल्याच्या हाताला येत नसे, दुसऱ्यानं सोडायची.

"मुर्दे को भी ऐसाच बाँधते," ते मला एकदा म्हणाले. "फर्क इत्ताच, मुर्दा काम नहीं करता."

"उस्ताद, असं अभद्र बोलू नका."

"मोहतमीम साब, तुम हाजिरी लगाओ. मुर्दा हो के जिंदा, लिखना 'हाजिर'."

आता त्या कमानीत आमच्याशिवाय आणखी एक वस्ती होती. उस्तादांच्या फळीपासून थोड्याच अंतरावर आग्या मोहळाची पोळी लोंबत होती. सुपाएवढाली, काळी, आणि मधूनच त्यांच्यावरून एक थरथर लाटेसारखी जायची. आग्या माशी ही साधी मधमाशी नव्हे. एक चिडली की सगळं पोळं चिडतं, आणि माणूस पळाला तर पाठलाग करतं. मी पोळी धुरानं उठवायची परवानगी मागितली होती. खात्याचं म्हणणं पडलं, धुरानं कमानीची नक्षी काळी पडेल, सबब मनाई. नक्षी वाचली पाहिजे. नक्षीखाली उभं राहणाऱ्यांबद्दल खात्याचं काही म्हणणं नव्हतं.

मग आम्ही माश्यांशी तह केला. त्याची कलमं घाणीवरच्या मुकादमबाईनं ठरवली. डोक्याला तेल नाही, केसांत मोगरा नाही, वासाच्या साबणानं धुतलेला कपडा नाही, वर विडी नाही. सकाळी ती वाटेत उभी राहून एकेकीचं डोकं हुंगायची. नवी आलेली एक बाई गजरा घालून आली, तर तिला मुकादमबाईनं सडकेवरूनच माघारी धाडलं. "मरायचं आसंल तर घरी मर की गं. हितं आमाला कशाला घिऊन मरतीस?" मीसुद्धा तो सगळा उन्हाळा तेलाशिवाय काढला. माझं डोकं कडब्याच्या पेंढीसारखं दिसायचं. माश्यांनीही तह पाळला. उस्ताद त्यांच्या शेजारी पडून चुना भरत, आणि त्या त्यांच्या नाकावरून ये-जा करत.

आणि मग कळलं की हैदराबादेहून बडे साहेब काम बघायला येणार.

आमच्या खात्यात काम होणं आणि काम चालू दिसणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. साहेब येतील तेव्हा घाणी फिरत असली पाहिजे, बाया पाट्या वाहत असल्या पाहिजेत, आणि उस्ताद वर बांधलेले असले पाहिजेत. मी शेरवानी चढवली. दरबारी पोशाखातलं पागोटं, ज्याला दस्तार म्हणत, ते माझ्याकडे नव्हतं, शेजाऱ्याचं मागून आणलं. त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं होतं, त्यामुळे मी मान हलवली तरी दस्तार समोरच बघायचं.

"तेल तरी लावा आज," आमची ही म्हणाली. "म्होरं साहेब हाय. भुतावानी दिसताय."

"माश्या आहेत," मी म्हणालो.

"माश्यांला कळतंय व्हय, मोहतमीम कोन ते?"

मी तेल लावलं नाही. या संयमाचा मला अभिमान होता.

सकाळीच कचेरीतून टांगा आला. त्यात एक शिपाई आणि स्वागताचं तबक: अत्तरदाणी, गुलाबपाण्याची गुलाबदाणी, पानाचे विडे. टांगेवाल्यानं सावली बघून घोडा टांग्यातून सोडून परांचीच्या खांबाला बांधला आणि त्याच्या तोंडाला दाणा-चंदीची पिशवी अडकवली. तबक कुठं ठेवायचं असं शिपायानं विचारल्यावर ज्या मुकादमबाईनं तासाभरापूर्वी सगळ्यांची डोकी हुंगली होती, तिनंच एक दगड पदरानं पुसून दिला. "हितं ठेव बाबा, धूळ नगं लागाय."

आजही लोक मला विचारतात, तुमच्यापैकी एकालाही कसं सुचलं नाही? नाही सुचलं. तेल हा वास होता, मोगरा हा वास होता. अत्तर हा आमच्या लेखी वास नव्हताच, तो अदब होता. पाहुणा आला की पाणी विचारावं तसं अत्तर. औरंगाबादेत कुणी तुमच्या मनगटाला अत्तर लावायला आलं आणि तुम्ही हात मागे घेतला, तर पुढची दोन लग्नं तरी तुम्हाला बोलावणं यायचं नाही.

साहेब मोटारीतून आले. माणूस दिलदार. मी त्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, शिपायानं गुलाबपाणी शिंपडलं, मग माझ्यावर, मग सोबतच्या कारकुनांवर. साहेबांनी कमानीकडे मान वर केली.

"ऊपर कौन है?"

"आमचे उस्ताद, हुजूर."

"इन्हें इत्तर नहीं दिया?"

मी काही बोलायच्या आत साहेबांनी अत्तरदाणीतून कापसाचा फाया स्वतःच्या हातानं भिजवला, भिजवला म्हणजे चांगला निथळेल इतका, आणि चुना वर पाठवायच्या पाटीत ठेवला. मी कप्पीचा दोर ओढला. इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसानं गवंड्याला अत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि दोर ओढताना मला हुंदका आवरेना. उस्तादांनी फाया घेतला, निजल्यानिजल्या कपाळाला हात लावून सलाम केला, आणि शहरातला कुठलाही खानदानी माणूस करतो तेच केलं. फाया कानाच्या पाळीत खोचला.

आधी आवाज बदलला. पोळ्यांचा एक कायमचा घूं असायचा, सवयीनं तो आम्हाला ऐकूच येत नसे. तो थांबला. मग सुपातून बाजरी ओतल्यासारखा आवाज आला आणि पोळं वरून खाली सांडलं.

उस्ताद ओरडले. माणसाच्या घशातून तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुढच्या क्षणी सगळ्यांवरच माश्या होत्या. कारकून एकमेकांना ढकलत पळाले, एकाचा चष्मा पडला तो दुसऱ्यानं तुडवला, दुसऱ्याचा पाय अडखळला तर तिसरा त्याच्या पाठीवरून गेला. साहेब मोटारीत शिरले, दार लावलं, आणि त्यांच्याबरोबर शंभरेक माश्याही शिरल्या असाव्यात, कारण बंद मोटार आतून धडधडा हादरत होती. तशीच ती सुटली आणि झाडाचं खोड खरवडत गेली. शिपायानं अंगाची आग विझवावी म्हणून गुलाबदाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतली. त्यानंतर शिपाई दिसेना. त्याच्या जागी एक काळा ढग किंचाळत बैलांच्या पाण्याच्या डोणीपर्यंत गेला आणि आत पडला.

घोड्याला मात्र पळता येईना. तोंडाला पिशवी, लगाम खांबाला. तो मागच्या पायांवर उभा राहिला, खाली आपटला, लाथा झाडायला लागला. एक लाथ टांग्याच्या चाकाला बसली, आरे काडीसारखे मोडले. दर हिसक्याला खांब हलत होता, खांबाबरोबर सगळी परांची, आणि परांचीवर उस्ताद. बांबू कडाकडा वाजत होते. वरून त्यांची हाक आली, "खोलो! अरे कोई खोलो!"

त्यांना मोकळं करणारं माणूस वर नव्हतं. गाठ खाली होती आणि ते वर बांधलेले.

मी वर चढलो. ही गोष्ट सांगताना इथं थांबलं तर लोक माझ्याकडे आदरानं बघतात, म्हणून पुढचंही सांगतो. मी सडकेकडेच पळत होतो. दस्तार डोळ्यांवर आलं, मी वळलो, समोर घोड्याचे मागचे पाय आले. एक लाथ माझ्या मांडीला निसटती लागली. तिथून जायला दोनच वाटा होत्या: घोड्याच्या पोटाखालून, नाहीतर बांबूवरून. मी बांबू धरला.

वर पोचलो तेव्हा उस्तादांची दाढी लाल नव्हती, काळी होती, आणि हलत होती. तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर माश्या. कानाजवळ त्यांचा मुठीएवढा गोळा. मी फळीखाली हात घालून गाठ चाचपली. तोवर माझी बोटं इतकी सुजली होती की गाठ कुठली आणि बोट कुठलं हे कळेना. एक माशी पापणीच्या आत चावली आणि उजवा डोळा मिटला तो मिटलाच.

"गाँठ नक्को," उस्ताद दातांतून म्हणाले. तोंड उघडलं की माशी आत जात होती. "थापी. थापी से काटो."

त्यांची चुना भरायची लोखंडी थापी बाजूला पडली होती, वर्षानुवर्षं घासून कडेला पातळ झालेली. मी तिनं छातीवरचा दोर करवतायला लागलो. मधेच मी घमेल्यातला चुना ओंजळीत घेतला आणि त्यांच्या कानावर थापला, फायासकट, माश्यांसकट, गालावर, मानेवर. ताज्या चुन्यानं कातडी भाजते हे मला ठाऊक होतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. उस्तादांनी मला आईवरून शिवी दिली. ते शुद्धीवर आहेत म्हणून मला बरं वाटलं.

दोर तुटला, आणि नेमका तेव्हाच घोड्यानं परांचीला शेवटचा हिसका दिला. फळी एका अंगाला कलली. उस्ताद छातीतून सुटले, मांड्यांतून अडकलेले राहिले, आणि खाली डोकं करून कमानीत लोंबायला लागले. मी त्यांचा सदरा धरला. सदरा फाटून माझ्या हातात आला.

खालून मुकादमबाई ओरडत होती. तिनं डोक्यावर ओलं गोणपाट घेतलं होतं. हातातल्या कुऱ्हाडीनं तिनं एका घावात लगाम तोडला. घोडा सडकेवर सुटला, समोरच्या बांधाला धडकला, उठला, पुन्हा पडला. टांगेवाला त्याच्या नावानं हाका मारत मागे धावला. घोडा मग उठला नाही, पाय झाडत राहिला. तिकडे बघायला आम्हाला उसंत नव्हती. बायांनी गवऱ्या आणि ओली गोणपाटं पेटवली होती. पांढरा दाट धूर थेट कमानीच्या पोटात चढत होता, नक्षीत भरत होता. खात्यानं मनाई केलेला धूर तो हाच.

"वाळूचा ढीग लोटला खाली!" ती ओरडली. "सोडा त्यांला! तोडा दोर, साहेब, तोडा!"

मी दुसरा दोर तोडला. उस्ताद वाळूवर पडले. हात मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. मी कसा उतरलो ते आठवत नाही. पाहणारे म्हणतात, उतरलो नाही, पडलो.

चुन्याच्या बैलगाडीतून आम्ही त्यांना शहागंजात त्यांच्या घरी आणलं. हकिमांनी मोडका हात बांधला, आणि वस्तऱ्याच्या कडेनं काटे खरवडून काढायला सुरुवात केली. चेहरा, मान, पाठ. काढलेले काटे बशीत टाकत होते. बशी भरत आली तेव्हा त्यात जिरं ठेवलंय असं वाटायला लागलं. उस्तादांचे डोळे सुजेत बुडाले होते. ओठ दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. ते तापात बडबडत होते, चुन्यात पाणी जास्त झालं म्हणून कुणाला तरी झापत होते.

हकीम हात धुऊन बाहेर आले. "सूज उतरेगी. डर उसका नहीं. इत्ता जहर गुर्दों में गया है. अब पेशाब हुआ तो आदमी आपका. नहीं हुआ, तो..." पुढचं त्यांनी टॉवेलनं हात पुसत पूर्ण केलं.

त्या दिवशी लघवी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका डोळ्यानं रस्ता बघत, आमच्या हिचा हात धरून तिथं गेलो. गल्लीत पाय ठेवला तोच शिंप्यानं मशीन थांबवून उस्तादांच्या दाराकडे बघून विचारलं, "हुआ क्या?"

"नहीं," आतून कुणीतरी म्हणालं.

सगळी गल्ली त्या एका गोष्टीची वाट बघत होती. समोरच्या चहावाल्यानं जवाचं पाणी उकळून पाठवलं. फळवाल्यानं टरबुजं फोडून रस काढला. कुणाची तरी म्हातारी काकडीच्या बिया वाटून घेऊन आली. हकिमांनी बेंबीखाली सोरा नावाच्या खाराचा लेप दिला. मशिदीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण दारात क्षणभर थांबायचा आणि तेच विचारायचा, आणि इतक्या गंभीरपणे विचारायचा की कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उस्तादांना पाणी पाजलं की ते पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. पाय फुगायला लागले होते. हकीम दर थोड्या वेळानं पोटावर बोटं टेकवून बघत आणि बाजूला होत.

उस्तादांच्या बायकोला सगळे आपा म्हणत. पांढरे केस, बारीक अंग, चिरका आवाज. तिनं मला आत येऊच दिलं नाही. "इत्तर लगाने चले थे! मेरे आदमी को लटका दिया, अब मुँह दिखाने आया है!"

"आपा, मी..."

"चुप! तेरा मुँह देखा क्या? कद्दू का कद्दू!"

आमची ही मला कोपरानं ढोसत म्हणाली, "गप ऱ्हावा तुमी. बोलू द्या त्यांला. बोलल्यानं जीव हलका होतो." आणि स्वतः आत जाऊन बसली, आपाच्या शेजारी, जवाचं पाणी गाळत. मी ओट्यावर बसलो. अंग असं ठणकत होतं की कपडा नको वाटत होता, पण उठून घरी जावंसंही वाटेना. उस्ताद गेले तर मी त्या कमानीकडे पुन्हा कसा बघणार होतो, ते मला कळत नव्हतं.

कचेरीचा माणूस आला. बड्या साहेबांचा ताप उतरला होता आणि त्यांनी विचारलं होतं, धुरानं नक्षी किती काळी झाली. मी त्याला म्हणालो, नंतर ये. मोहतमीम म्हणून दिलेला तो माझा पहिला हुकूम असेल जो कुणीतरी लगेच मानला.

दुपार कलायला लागली. शिंप्याचं मशीन बंदच होतं. आतून हकिमांचा आवाज आला, मग आमच्या हिचा. मी उठून उभा राहिलो.

आपा दारात आली. डोक्यावर पदर नव्हता, हातात जस्ताचं भांडं. तिनं ते कुणाकडेही न बघता हकिमांच्या पुढे धरलं, जशी एखादी सरकारी हुकमाची प्रत असावी. हकिमांनी भांडं उजेडात नेलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"काला है," ते म्हणाले.

त्यांनी भांडं आपाच्या हातात परत दिलं.

"मगर है."

शिंप्यानं दारातूनच ओरडून सांगितलं, "हुआ!" चहावाल्यानं ते पुढे सांगितलं, आणि मग बाजाराच्या टोकापर्यंत लोक एकमेकांना तेच ओरडून सांगत गेले. आपानं भांडं जपून खाली ठेवलं. मग ती वळली आणि दोन्ही मुठींनी माझ्या पाठीत मारायला लागली. जोरात, रडत. आमची ही दारात उभी होती, तिनं सोडवलं नाही. मीही हललो नाही. सगळ्या अंगावर तेवढी एकच जागा न सुजलेली उरली होती.